माती कुठून आणली?

माझे वडील पेणच्या गणपतींचे डोळे आखायचे. पेणला गणपती घडतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. तिथे साच्यात माती दाबणारे वेगळे, रंग देणारे वेगळे आणि आखणीचा माणूस वेगळा. आमचं घर आपट्यात, पाताळगंगेच्या अंगाला. पावसाळा सुरू झाला की वडील पेणला मुक्काम ठोकत आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसे. कुंचल्याचं टोक ते आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत. जास्तीचा काळा रंग नखावर उतरे. मग श्वास रोखून एका फटक्यात भुवईखालची रेघ आणि शेवटी बुबुळ. हात खाली आला की श्वास सोडत आणि म्हणत, "आता हा बघायला लागला."

मी मोठा होऊन रसायनीच्या बाजूला एका रासायनिक कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. तिथे मला एक फिटर भेटला. माझ्याच वयाचा, पंप आणि व्हॉल्व्ह ह्यांच्यात आयुष्य गेलेला आणि पक्का नास्तिक. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता देवाचा विषय निघायचा आणि भोंगा होईपर्यंत चालायचा. तीस वर्षं आम्ही भांडलो. एका रविवारी तो आमच्या घरी आला आणि त्यानं वडिलांनाच विचारलं, "काका, गणपती तुम्ही लोकच घडवता, रंगवता, विकता. मग देव आणि आपण, कुणी कुणाला केलं?"

वडील शांतपणे म्हणाले, "मूर्ती आम्ही केली. माती आम्ही नाही केली. ती ज्यानं केली त्याची ही मूर्ती."

"मग त्यानं माती कुठून आणली?"

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे विचारण्यासारखं आहे." त्यांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं.

ह्या दोघांनी आमच्या पडवीत जे केलं त्याला हजार वर्षांची परंपरा आहे, हे मला फार उशिरा, वाचू लागल्यावर कळलं. दहाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत उदयनाचार्य नावाचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, होऊन गेले. त्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ म्हणजे ईश्वर आहे हे तर्कानं सिद्ध करण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयत्न. मुख्य युक्तिवाद वडिलांचाच: घडा दिसला की कुंभार मानावा लागतो, तसं जग हे कार्य आहे, म्हणून त्याचा कर्ता मानावा लागतो. उदयनाचार्यांची एक दंतकथा आहे. ते पुरीला गेले तेव्हा जगन्नाथाच्या देवळाचं दार बंद होतं. त्यांनी बाहेर उभं राहून देवालाच सुनावलं की आज तू मला भेटत नाहीस, पण उद्या बौद्ध पंडित वाद घालायला आले की तुझी बाजू मलाच मांडायची आहे. कथा खरी असो नसो, देवाशी इतक्या मोकळेपणानं बोलणारा माणूस आपल्या परंपरेला आवडला, म्हणून ती टिकली.

समोरची बाजूही तितकीच तयारीची होती आणि ती सगळी काही वेद नाकारणाऱ्यांची नव्हती. मीमांसक कुमारिल भट्ट वेदांचा कडवा अभिमानी, तरी त्यानं जग निर्माण करणारा ईश्वर मानला नाही. जग नव्हतं तेव्हा हा निर्माता उभा कुठे होता, त्याला शरीर होतं का, आणि दुःखानं भरलेलं जग करण्यात त्याचा हेतू काय, असे त्याचे सरळ प्रश्न आहेत. सांख्य दर्शनाचंही ईश्वरावाचून चाललं. नास्तिक ह्या शब्दाचा आपला जुना अर्थ वेद न मानणारा असा आहे. देव न मानणारा आस्तिक आपल्याकडे सुखानं नांदत होता, हे आज सांगितलं तर लोकांना पटत नाही. बौद्ध म्हणाले, घडा होताना आपण पाहिलेला असतो, डोंगर होताना कुणी पाहिलाय? नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी जैन आचार्य जिनसेन 'आदिपुराणा'त फिटरचाच प्रश्न विचारतात: निर्मात्यानं सामग्री आणली कुठून? सामग्री आधीपासून असेल तर तो निर्माता कसला. आणि तीही त्यानंच केली असेल, तर ती करायला कुठली सामग्री वापरली? युरोपात हे आक्षेप तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या पुस्तकातून जोरकसपणे पुढे आले ते १७७९ साली, आणि तेही तो वारल्यानंतर. त्याच्यानंतर धर्मगुरू विल्यम पेलीनं १८०२ मध्ये माळावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला दिला: घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी आहे. हे मी फिटरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी रोज पंप खोलतो. कारागीर होता एवढं कळतं. तो एक होता की दहा, चांगला होता की हलगर्जी, आणि आज जिवंत आहे की मेला, हे पंपावरून नाही कळत." ह्यूम त्यानं वाचलेला नव्हता. ह्यूमचं म्हणणं मात्र जवळजवळ हेच आहे.

पण हे सगळं पंडितांचं, संस्कृतातलं. सामान्य माणसासमोर, उघड्यावर, मराठीतून हा वाद झाला त्याची कहाणी आमच्याच जिल्ह्यातून सुरू होते, आणि ती मला सर्वांत जवळची आहे.

१८२५ साली, पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, माणगावकडच्या शिरवली गावात विष्णू भिकाजी गोखले जन्मला. घरची गरिबी. पोरवयात महाडला दुकानात नोकरी केली, पुढे जकात खात्यात लागला. त्या काळी इथला माल पाण्यावरून चाले. पनवेल, पेण, धरमतर, नागोठणे, सगळीकडे भरतीबरोबर पडाव आत येत आणि ओहोटीबरोबर मुंबईकडे निघत. आमच्या आपट्यालाही बंदर म्हणायचे. आजी नदीवर जाते असं न म्हणता 'बंदरावर जाते' म्हणायची. अशा खाडीकाठच्या मुलखात माल मोजणारा, मीठ-भाताचा हिशेब ठेवणारा हा तरुण ऐन विशीत नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप करायला गेला आणि खाली उतरला तो विष्णुबुवा ब्रह्मचारी होऊन.

१८५६ मध्ये बुवा मुंबईत आले. मुंबईत तेव्हा धर्माचा प्रश्न घराघरात पेटलेला होता. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याशी मोरभट दांडेकरांचा वाद होऊन 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक १८३१ मध्येच निघालं होतं. १८३९ मध्ये दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री ह्या लहान मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणल्यावर त्याला जातीत घ्यायचं की नाही ह्यावरून ब्राह्मणांत उभी फूट पडली आणि बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले. १८५४ मध्ये बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले. दादोबा पांडुरंगांची परमहंस मंडळी गुप्तपणे जमून जातिभेदाविरुद्ध बोलत होती. अशा वेळी बुवांनी वाद बंद खोलीतून बाहेर काढला आणि समुद्रकिनाऱ्यावर नेला.

तिथला पहिला वाद १५ जानेवारी १८५७ चा आणि शेवटचा २८ मे १८५७ चा. पंचांग काढून पाहिलं तर दोन्ही दिवस गुरुवार. म्हणजे साडेचार महिने, संध्याकाळी, वाळूत उभे राहून लोक ईश्वर कसा आहे हे ऐकत होते. समोर मिशनरी होते आणि त्यांत जॉर्ज बोवेन हा अमेरिकन होता. ह्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. तरुणपणी तो स्वतःच अश्रद्ध होता. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती मुलगी वारली आणि त्या दुःखातून तो श्रद्धेकडे वळला. मुंबईत तो अत्यंत साधेपणानं, गरिबांच्या वस्तीत राहिला आणि इथेच वारला. देव नाही असं मानून जगलेला आणि नंतर देव आहे असं मानून सगळं सोडलेला एक माणूस. समोर नोकरी सोडून डोंगरावर तप करून आलेला दुसरा. दोघांनीही ह्या प्रश्नासाठी किंमत मोजली होती.

वाद काय होता? देव आहे हे दोघांनाही मान्य होतं. भांडण होतं ते माती कुठून आणली ह्यावरच. ख्रिस्ती म्हणायचे, देवानं जग शून्यातून निर्माण केलं; तो वेगळा, आपण वेगळे. बुवा अद्वैती. त्यांच्या मते देवावाचून दुसरं काही नाहीच, माती तोच आणि कुंभारही तोच. त्यावर मिशनऱ्यांचा नेहमीचा सवाल असे: मग चोरी कोण करतो, पाप कुणाचं? आणि त्यांना उलट सवाल असा की सर्व जाणणाऱ्या, सर्व करू शकणाऱ्या देवानं सैतान होऊ कसा दिला? मला वाटतं दोन्ही प्रश्न आजही तसेच उभे आहेत. बोवेन ह्यांनी त्याच वर्षी ह्या सभांचा वृत्तांत इंग्रजीत छापला. मराठी वृत्तांत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' ह्या नावानं १८७२ मध्ये, बुवा वारल्यानंतर निघाला. ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय ती ही: एकानं बोलावं, दुसऱ्यानं ऐकावं, मग उत्तर द्यावं, आणि दोन्ही बाजूंनी ते छापून लोकांच्या हाती द्यावं, अशी रीत मुंबईच्या वाळूत मराठी माणसानं पाहिली. १० मे रोजी मेरठला बंड झालं, ते वर्ष विसरू नये. त्या वर्षीसुद्धा ह्या प्रश्नावर शब्दांनीच भांडणारे लोक होते.

बुवांचं आणखी एक सांगायला हवं, कारण धर्माच्या गोष्टींत ते झाकलं जातं. १८६७ मध्ये त्यांनी 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. सगळी जमीन सगळ्यांची, पीक एका कोठारात, जेवण सर्वांना सारखं, असं राज्य त्यांनी कल्पिलं. सगळं एकच आहे हे खरं असेल तर एकाच्या घरी भात आणि दुसऱ्याच्या घरी रिकामं मडकं हे चालणार नाही, इथवर त्यांचं अद्वैत गेलं. १८७१ मध्ये ते वारले. माणगावच्या रस्त्यानं जाताना मी दर वेळी त्यांची आठवण काढतो.

समुद्रकिनाऱ्यावरच्या वादानंतरच्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रानं प्रश्नच बदलला. जग कुणी केलं हे मागे पडलं आणि हा देव कुणाच्या बाजूचा, हे पुढे आलं. १८६७ चा प्रार्थना समाज, रानडे-भांडारकर, एकेश्वर, मूर्तिपूजा नको, हे आपल्याला शाळेत शिकवतात. जोतीराव फुल्यांनी त्याच्या पुढे जाऊन निर्मात्याला 'निर्मीक' हे नाव दिलं. अर्धांगवायूनं उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलं गेलं. कुंभार-घड्याचा जुना युक्तिवाद फुल्यांच्या हातात अगदी वेगळं हत्यार झाला: सगळे घडे एकाच कुंभाराचे असतील तर एक सोवळा आणि दुसरा ओवळा कसा? आणि कुंभार व घडा ह्यांच्यामध्ये हा दलाल कोण? उदयनाचार्यांच्या स्वप्नातही हा निष्कर्ष आला नसेल.

आणि मग गोपाळ गणेश आगरकर. १८८८ मध्ये 'सुधारक' निघाला तेव्हा मराठीत एक माणूस उघडपणे, नेमानं, लिहून सांगू लागला की देव ह्या कल्पनेची उत्पत्ती माणसाच्या अज्ञानात आणि भीतीत शोधावी लागते. मिल आणि स्पेन्सर ह्या इंग्रज तत्त्वज्ञांचे ग्रंथ त्यांनी पचवले होते. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्यानं पोखरलेलं शरीर, फर्ग्युसनचं प्राचार्यपद, आणि १८९५ मध्ये वयाची ३९ वर्षं पुरी होण्याआधीच मृत्यू. अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. फिटरला ही गोष्ट मी सांगितली त्या दिवशी तो पुढे काही बोललाच नाही, डबा धुवायला उठला.

समुद्रकिनाऱ्याची रीत पुन्हा एकदा दिसली ती डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांच्या विवेकजागराच्या सभांत. लागूंचं म्हणणं उघड होतं, परमेश्वराला आता रिटायर करा. दाभोलकर त्याच व्यासपीठावरून म्हणायचे की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीशी आहे. श्रद्धेचा अधिकार राज्यघटनेनं दिलेला आहे. एका बाजूच्या दोन माणसांनी गावोगाव जाऊन आपले मतभेद लोकांसमोर मांडावेत, हे मला फार मोलाचं वाटतं. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचं नाव आहे. शिंदे हे प्रार्थना समाजाचे धर्मप्रचारक, देवावर अढळ श्रद्धा असलेले आणि अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचलेले. दाभोलकरांच्या खुनाबद्दल २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. फिटर तेव्हा हयात नव्हता. वडीलही नव्हते. मला दोघांची सारखीच आठवण आली, कारण माझ्या वडिलांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं होतं.

एक गोष्ट राहिली. ती आधी घडलेली आहे, पण मला ती शेवटीच सांगता येते.

जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला पूर आला आणि जांभूळपाडा उद्ध्वस्त झाला. तो पाऊस आमच्याही पाताळगंगेवर पडत होता. जांभूळपाड्याला माझी आत्या राहायची. ती वाचली. तिच्या आळीतली माणसं गेली, पोरंही गेली. रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही कारखान्यातले दहा-बाराजण घमेली-फावडी घेऊन ट्रकनं गेलो. ट्रकमध्ये फिटर माझ्या शेजारी होता. अशाच एका संकटाबद्दल मी पुढे वाचलं: १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला भूकंप झाला, सणाचा दिवस होता, चर्च माणसांनी भरलेली होती आणि ती माणसांवरच कोसळली. त्यानंतर युरोपात दयाळू देवाबद्दल पूर्वीसारखं बोलणं फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरनं अशक्य करून टाकलं.  त्या दिवशी ट्रकमध्ये मला एवढंच कळत होतं की आज हा मला विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही. कर्मफळ म्हणावं तर सहा महिन्यांच्या पोराचं कर्म ते काय? परीक्षा म्हणावं तर कुणाची? गेली कित्येक वर्षं तो मला पंप आणि कारागीर सांगत होता. आज त्याला नुसतं बोट दाखवायचं होतं.

त्यानं विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही. आमच्या सगळ्या भांडणात जांभूळपाड्याचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही.

आत्याच्या घरात मांडीइतका गाळ होता. माजघरातला काढता काढता संध्याकाळ झाली. देवघराचा कोनाडा बुजला होता. आत्या ओट्यावर बसून होती, सकाळपासून काही बोलली नव्हती. ती एकदम म्हणाली, "माझे देव बघा रे."

मी पलीकडच्या खोलीत होतो. कोनाड्याजवळ फिटरच होता. त्यानं फावडं बाजूला ठेवलं आणि हातानं गाळ काढायला सुरुवात केली, गॅस्केट काढताना करायचा तशी, बोटांच्या टोकांनी, काही ओरखडू न देता. एकेक मिळत गेलं. अन्नपूर्णा, शंख, घंटा, दोन टाक, आणि सगळ्यात शेवटी मुठीएवढा रांगता बाळकृष्ण. विहिरीचं पाणी गढूळ होतं, म्हणून आमच्या पिण्याच्या कळशीतलं पाणी त्यानं एका ताटलीत थोडं घेतलं. खिशातून रुमाल काढला. बाळकृष्णाच्या डोळ्यांच्या खाचेत चिकणमाती घट्ट बसली होती. ती त्यानं काडीनं, कंदिलाशी धरून, काढली. श्वास रोखून.

मग ओला बाळकृष्ण तळहातावर घेऊन तो ओट्यावर आला आणि आत्यासमोर बसला.

"आत्या," त्यानं विचारलं, "ह्यांची जागा कुठली? मधे की उजवीकडे?"